यंत्राला परवाना, माणसांचे काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारची ओपीडी, म्हणजे दाराबाहेर रांग आणि आत टेबलाभोवती गर्दी. तिशीच्या आतली एक बाई सासूबरोबर आली. खोकला बरेच दिवस हटत नव्हता म्हणून गावाजवळच्या डॉक्टरांनी तिचा छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता. एक्स-रे स्वच्छ निघाला. दोन आठवड्यांनी पाळी चुकल्याचे लक्षात आले आणि तपासणीत सहा आठवड्यांचा गर्भ निघाला. लग्नाला सहा वर्षे झालेली, पहिलेच गरोदरपण. त्याच डॉक्टरांनी आता सांगितले होते की किरण पोटात गेलेत, मूल सदोष होईल, ‘पिशवी साफ करून घ्या’. त्यासाठीच दोघी आमच्या सरकारी रुग्णालयात आल्या होत्या. खोकला अजून होता, म्हणून आधी माझ्याकडे पाठवल्या गेल्या. एवढ्या एका योगायोगावर पुढचे सगळे ठरले.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. छातीच्या एका एक्स-रेमध्ये किरणांचा झोत छातीवर असतो. गर्भापर्यंत पोचते ती मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलिग्रेच्या आत असेल, तर केवळ किरणांच्या कारणासाठी गर्भपात करणे समर्थनीय नाही. म्हणजे या बाईच्या आणि त्या मर्यादेच्या मध्ये दहा हजार पटींचे अंतर होते. जमीन, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक गर्भाला नऊ महिन्यांत याहून कितीतरी जास्त मात्रा आपोआप मिळते. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या डॉक्टरांनी असं का सांगितलं?”

प्रश्न रास्त होता. मी त्या डॉक्टरांना फोन केला. माणूस भला, कष्टाळू. रात्री-अपरात्री उठून जाणारा. तो म्हणाला, “सर, पुस्तकात ‘गरोदरपणात एक्स-रे टाळावा’ एवढंच होतं. टाळला नाही तर काय, हे कुणी शिकवलंच नाही. मग धोका कशाला घ्यायचा?” धोका घ्यायचा नाही म्हणून हातचे मूल घालवायचे, हा यातला अर्थ त्याच्या ध्यानात आला नव्हता. मला त्याचा राग आला असता, पण मीही याच शिक्षणातून आलो आहे. आमच्या वेळी एमबीबीएसला एक्स-रे विभागात काही दिवसांची ड्युटी असे. त्यात फिल्म प्रकाशासमोर धरून फ्रॅक्चर कुठे आहे ते ओळखायचे. ती फिल्म काढताना रुग्णाला किती मात्रा मिळाली, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

अशा अज्ञानाची किंमत एका घरापुरती राहतेच असे नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला, तेव्हा शेकडो मैल दूर ग्रीसमध्ये गरोदर स्त्रिया डॉक्टरांकडे धावल्या. तिथे पोचलेला किरणोत्सर्ग अगदी अल्प, एका मिलिसिव्हर्टच्याही आतला होता. तरी पुढच्या महिन्यांतील जन्मांची घट पाहून संशोधकांनी १९८७ मध्ये अंदाज मांडला, की सुमारे अडीच हजार हवीहवीशी गर्भारपणे तिथे भीतीपोटी संपवली गेली. स्त्रिया घाबरल्या हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्यासमोर बसलेल्या डॉक्टरांनाही आकडा माहीत नव्हता.

त्या बाईच्या गावाची आणखी एक गंमत सांगतो. वर्षभरापूर्वी तिथे मोबाइल टॉवरविरुद्ध मोर्चा निघाला होता. टॉवरमुळे कॅन्सर होतो, वांझपण येते, चिमण्या मरतात, असे फलक होते. गाव बंद ठेवले गेले. आणि त्याच गावातून दर आठवड्याला डोके दुखते म्हणून सीटी स्कॅन करून घ्यायला लोक शहरात येतात, ‘एकदा सगळं काढून टाका’ म्हणतात. ज्याच्याकडे पाठ फिरवायला हवी त्याला कवटाळायचे आणि ज्याच्याशी फारसे भांडण नाही त्याच्यावर मोर्चा काढायचा, असे आपले झाले आहे.

दोन्ही किरण एकाच कुळातले, हे खरे. रेडिओलहरी, मायक्रोवेव्ह, उष्णतेचे किरण, डोळ्यांना दिसणारा उजेड, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी विद्युतचुंबकीय भावंडे. फरक आहे तो प्रत्येक कणात बांधलेल्या ऊर्जेचा. देवापुढच्या नारळावर दिवसभर फुले टाकली तरी तो फुटत नाही. कोयत्याचा एक घाव पुरतो. टॉवरच्या लहरी फुलांसारख्या. त्या फार जोरात असतील तर ऊतक तापवू शकतात, पण पेशीतल्या डीएनएचा धागा तोडण्याइतकी शक्ती त्यांच्या एकेका कणात नसते. क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या कणात ती असते. म्हणून त्यांना आयनीकारक म्हणतात, आणि म्हणून त्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

मोबाइलबद्दल शंका घेणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात ठेवले, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. पुरावा तोकडा आहे, नाकारता येत नाही आणि सिद्धही होत नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला २०२४ मधला मोठा आढावा सांगतो, की मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. २०२१ मध्ये ‘फाइव्ह-जीमुळे कोरोना पसरतो’ ही अफवा आमच्या कोविड वॉर्डापर्यंत पोचली होती. तेव्हा देशात फाइव्ह-जी सेवा सुरूच झालेली नव्हती. ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये. अफवा सांगणाऱ्यांत आमचे दोन कर्मचारीही होते, हे इथे नोंदवले पाहिजे, कारण माझा विषय गावकरी नाहीत. माझा विषय रुग्णालयाच्या आतली माणसे आहेत.

आता त्याच रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चला. मोटारसायकलच्या अपघातातला मुलगा टेबलावर आहे, मांडीच्या हाडात रॉड बसवायचा आहे. टेबलाभोवती इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे यंत्र उभे आहे. त्याला सी-आर्म म्हणतात. सर्जन म्हणतात “शूट”, तंत्रज्ञ पायाने पेडल दाबतो, पडद्यावर हाड दिसते. पुन्हा “शूट”. रॉडच्या खालच्या टोकाचे भोक सापडेपर्यंत हे चालते आणि ते भोक नवशिक्या निवासी डॉक्टरला लवकर सापडत नाही. खोलीत आठ-नऊ माणसे असतात. शिशाचे ॲप्रन चार. त्यातला एक मधोमध घडी घालून स्टुलावर टाकलेला. अशी घडी पडत राहिली की आतल्या थराला चिरा जातात आणि ॲप्रन बाहेरून धडधाकट, आतून फाटका होतो. गळ्याचा पट्टा, म्हणजे थायरॉइड कॉलर, एकच आहे आणि तो मोठ्या सरांचा. इन्स्ट्रुमेंट देणाऱ्या सिस्टर टेबलाला चिकटून उभ्या. वाळूच्या पिशव्या लावायला आलेले वॉर्डातले मामा कशाशिवायच उभे. त्यांना विचारले तर म्हणतात, “मला कुठं मशीन चालवायचंय?”

सी-आर्ममध्ये मुख्य झोत रुग्णावर पडतो आणि रुग्णाच्या शरीरावरून किरण सर्व बाजूंना विखुरतात. खोलीतल्या माणसांना जी मात्रा मिळते ती या विखुरलेल्या किरणांची. एक मीटर अंतरावर ती मुख्य झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असते. ऐकायला कमी वाटते, पण रुग्ण आयुष्यात एकदा त्या टेबलावर येतो आणि सिस्टर रोज येतात. यावरचे उपाय इतके साधे आहेत की सांगताना संकोच वाटतो. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. किरण सोडणारी नळी टेबलाच्या खाली आणि चित्र घेणारा भाग वर, रुग्णाच्या जवळ ठेवला, की डोळ्यांकडे आणि गळ्याकडे कमी किरण येतात. नळी आडवी असेल तेव्हा नळीच्या बाजूला उभे राहायचे नाही, समोरच्या बाजूला राहायचे. सतत पेडल दाबून धरण्याऐवजी थांबत थांबत दाबायचे आणि पडद्यावर गोठलेले शेवटचे चित्र पाहून विचार करायचा. स्वतःचे हात झोतात घालायचे नाहीत. यातल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. पण थिएटरमध्ये उभे राहणाऱ्या किती जणांना या गोष्टी कुणी समोर उभे राहून दाखवल्या आहेत, हे मी विचारत गेलो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा मान हलवून मिळाले.

कायदा नाही, असे मुळीच नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून काम करते आहे, त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. एक्स-रे यंत्राला परवाना लागतो, त्याची गुणवत्ता चाचणी लागते, भिंतीची जाडी तपासली जाते, विकिरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. किरणांजवळ काम करणाऱ्याची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या आत असायला हवी. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १. कर्मचाऱ्यांना धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण देणे हे मालकाचे काम असल्याचेही २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांत आहे. कागदावर काही कमी नाही. पण परवाना यंत्राच्या नावाने निघतो, अधिकारी म्हणून एक्स-रे विभागातल्या एका माणसाचे नाव लागते, आणि यंत्र मात्र चाके लावून थिएटरभर फिरते. जिथे ते फिरते तिथली माणसे अस्थिरोगाची, मूत्ररोगाची, भूलशास्त्राची, परिचर्येची. ती एक्स-रे विभागाची नसतात. म्हणून ती कुणाच्याच यादीत नसतात.

बॅजचेही तसेच. छातीवर लावायचा एक छोटा चौकोनी बॅज असतो, त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की उजेडाच्या रूपाने परत देतात. जितका उजेड तितकी मात्रा. दर तीन महिन्यांनी बॅज वाचायला जातो. ही व्यवस्था देशात कित्येक दशके चालू आहे आणि ती चांगली आहे. बॅज ॲप्रनच्या आत, छातीजवळ लावायचा असतो. प्रत्यक्षात काय होते? काहींचा बॅज ड्रॉवरमध्ये असतो, त्याचा अहवाल कायम शून्य. काहींचा ॲप्रनवरच टोचलेला राहतो आणि ॲप्रन थिएटरच्या खुंटीवर. मग तीन महिने भिंतीला मिळालेली मात्रा त्या माणसाच्या नावावर जमा होते, वरून चौकशीचे पत्र येते आणि धावपळ होते. चौकशीत ‘बॅज चुकून खोलीत राहिला’ असे लिहून दिले जाते. पुढच्या वेळी बॅज ड्रॉवरमध्ये.

हे मी वरून पाहून लिहीत नाही. निवासी डॉक्टर असताना फिट आलेल्या एका लहान मुलाला एक्स-रेच्या वेळी मी उघड्या हातांनी, ॲप्रनशिवाय धरून ठेवले आहे. तेव्हा त्यात शौर्य वाटले होते. नंतर फिजिशियन म्हणून माझ्या हातून घडलेली चूक याहून मोठी आहे आणि ती एकदाची नाही. बाहेरचा सीटी स्कॅन ‘नीट दिसत नाही’ म्हणून मी तो पुन्हा करायला सांगितला आहे. फिल्म हरवली म्हणून सांगितला आहे. एकदा तर नातेवाइकांची भुणभुण थांबावी म्हणून सांगितला आहे. पोटाचा एक सीटी स्कॅन म्हणजे साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. छातीचे काहीशे एक्स-रे एका झटक्यात. जगात सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे निसर्गाची तीन-चार वर्षे एका दुपारी. गरज असेल तिथे मी आजही क्षणभर न थांबता सीटी सांगतो, तो जीव वाचवतो. पण प्रत्येक वेळी गरज होती का, हा प्रश्न मी पन्नाशी गाठेपर्यंत स्वतःला विचारला नव्हता. लहान मुलांच्या बाबतीत तर तो अधिकच विचारायला हवा, कारण त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि परिणाम दिसायला त्यांच्यापुढे आयुष्य उरलेले असते.

इतक्या कमी मात्रेचा नेमका धोका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. जास्त मात्रेवरून कमी मात्रेचा धोका सरळ रेषेत मोजायचा, ही सावधगिरीची पद्धत आहे, सिद्ध झालेले सत्य नव्हे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे जास्त किरणोत्सर्गात राहतात आणि तिथे कर्करोग वाढल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. म्हणून एखाद-दुसऱ्या स्कॅनने झोप उडवून घेऊ नये. डोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. हृदयाच्या अँजिओग्राफीच्या खोलीत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या डोळ्यांची तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत झाली. त्यांच्या नेत्रभिंगात मागच्या बाजूला धूसरपणा इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली, ती यामुळेच. हा मोतीबिंदू शिशाच्या काचेचा चष्मा आणि छतावरून लोंबणारा काचेचा पडदा वापरला तर टळतो. पडदा बसवलेला असतो. तो खाली ओढायची सवय कुणी लावत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली उभारलेले एक स्मारक आहे. क्ष-किरण आणि रेडियमने बळी घेतलेल्या डॉक्टरांची, तंत्रज्ञांची, परिचारिकांची दीडशेहून अधिक नावे त्यावर सुरुवातीलाच कोरली गेली. १८९५ मध्ये रोंटजेन यांनी किरण शोधले आणि पुढची कित्येक वर्षे लोक यंत्र चालू आहे का ते स्वतःचा हात मध्ये धरून बघत. त्यांना माहीत नव्हते, आपल्याला माहीत आहे. तरी आमचा निवासी डॉक्टर रॉडचे भोक शोधताना हात झोतात घालतोच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एक्स-रे विभागातल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने स्वतःहून एक दुपार मागितली. प्रोजेक्टर नाही, स्लाइड नाहीत. त्याने थिएटरमध्ये रिकाम्या टेबलावर पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा कॅन ठेवला, रुग्ण म्हणून. मग किरण मोजायचे मीटर एका सिस्टरच्या हातात दिले, त्यांना ॲप्रन घातला आणि टेबलाला लागून उभे केले. शूट. मीटरचा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. “आता दोन पावलं मागं या, सिस्टर.” शूट. आकडा बघून त्या स्वतःच हसल्या. मग तेच ॲप्रनच्या पुढे आणि ॲप्रनच्या मागे मीटर धरून. मग नळी वर आणि नळी खाली. सगळे मराठीत. वाळूच्या पिशव्या लावणारे मामा शेवटी म्हणाले, “म्हंजे पिशव्या लावून झाल्या की मी दाराशी जाऊन उभा राहिलो तरी चालतंय की! आजवर कुणी सांगितलंच न्हाई.” अठरा वर्षे ते त्या थिएटरमध्ये काम करत होते.

त्याच दुपारी उलटी भीतीही निघाली. वॉर्डात फिरते एक्स-रे यंत्र आले की तंत्रज्ञ “एक्स-रे” म्हणून ओरडतो आणि परिचारिका रुग्णाला सोडून व्हरांड्यात पळतात. अतिदक्षता विभागात हे धोक्याचे आहे. दोन मीटरवर, झोताच्या बाहेर उभे राहिले तरी पुरते, हे मीटरने दाखवल्यावर पळापळ थांबली. एका सिस्टरनी हळूच विचारले, “मला चौथा महिना आहे, मी सी-आर्मची ड्युटी सोडू का?” तिला नियम सांगितला. गरोदर असल्याचे लेखी कळवायचे, त्यानंतर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळणार नाही अशी ड्युटी देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. तिने तोपर्यंत कळवले नव्हते, कारण कळवले तर सगळ्यांना ओझे होईल असे तिला वाटत होते.

सहा महिन्यांनी मी पाहिले, तर ॲप्रन हँगरवर होते, पण त्या दुपारी हजर असलेल्यांपैकी निम्मी माणसे थिएटरमध्ये नव्हती. निवासी डॉक्टरांची तुकडी बदलली, सिस्टरांच्या बदल्या झाल्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे कंत्राट संपले. सरकारी रुग्णालयात एकदा दिलेले प्रशिक्षण वाहत्या नळाखाली धरलेल्या चाळणीत जाते. म्हणून मला वाटते, हे शिक्षण माणसाच्या प्रमाणपत्राला नव्हे, थिएटरच्या वेळापत्रकाला जोडले पाहिजे. दर सहा महिन्यांनी अर्धा दिवस, त्याच खोलीत, त्याच यंत्रावर, हातात मीटर देऊन. नवा निवासी डॉक्टर त्यातून गेल्याशिवाय सी-आर्मच्या पेडलवर पाय ठेवणार नाही. एमबीबीएसच्या इंटर्नला फक्त दोन गोष्टी पक्क्या याव्यात, कोणत्या तपासणीत साधारण किती मात्रा मिळते आणि गरोदर बाईला काय सांगायचे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. असे शिकवले तर लोक घाबरतील, ड्युटी नाकारतील, भत्ता मागतील. माझा अनुभव वेगळा आहे. त्या दुपारनंतर एकानेही ड्युटी नाकारली नाही. दोघांनी बॅज मात्र मागितले, आणि ते मागणे हक्काचेच होते.

शिवाय प्रश्न फक्त क्ष-किरणांचा नाही. रुग्णालयात या कुळातले प्रत्येक भावंड नांदते. फिजिओथेरपीत रेडिओलहरींचा शेक असतो. शरीरात धातूची प्लेट किंवा पेसमेकर असलेल्याला तो दिला तर इजा होते. नवजात बाळाच्या काविळीला निळा प्रकाश देतात, तेव्हा डोळ्यांवरची पट्टी सरकली आहे का ते बघणारे कुणी लागते. एमआरआय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेतच येत नाही, पण त्याचे चुंबक चोवीस तास चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात एका तरुण नातेवाइकाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता आणि तो त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढले. तो वाचला नाही. यंत्र बंद आहे असे कर्मचाऱ्याने सांगितल्याचे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. एमआरआयचे चुंबक असे बंद नसते, हे एक वाक्य माहीत असते तर पुरे होते.

बाहेरही तेच. रात्री उशिरा डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते म्हणून ओरडत येणारा पोरगा बहुधा वेल्डिंगच्या दुकानातला असतो. दुपारी हेल्मेटशिवाय ठिणगीकडे बघितलेले असते, अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि कळ सहा-आठ तासांनी सुरू होते. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेले तरुण राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे आले. तो लेझर चालवणाऱ्याला फक्त रंग बदलायचे बटण माहीत होते. आणि शिकलेल्यांचे म्हणाल, तर २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे यंत्र लिलावात भंगारात गेले. आत कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, एक कामगार दगावला, इतर काही गंभीर आजारी पडले. काळी पडलेली त्वचा आणि गळणारे केस पाहून, हे किरणांमुळे असू शकते असा संशय डॉक्टरांना आला, म्हणून शोध लागला. तसा रुग्ण उद्या माझ्या ओपीडीत आला तर माझ्या किती विद्यार्थ्यांना तो संशय येईल, याची मला खात्री नाही.

ती बाई नंतर दर महिन्याला तपासणीला येत राहिली. खोकला साध्या औषधाने गेला. बाळंतपण माहेरी झाले, मुलगी झाली, सासूबाई पेढे घेऊन आल्या तेव्हा कळले. त्या डॉक्टरांनी त्यानंतर मला तीनदा फोन केला आहे, तिन्ही वेळा एक्स-रे काढून झालेल्या गरोदर बाईबद्दल, आणि तिन्ही वेळा ‘पिशवी साफ करा’ म्हणण्याआधी.

वर्षातून दोनदा थिएटरच्या सर्व कर्मचाऱ्यांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण व्हावे, असा प्रस्ताव मी रीतसर वर पाठवला आहे. फाइल एका शेऱ्यासह परत आली. शेरा असा, की यंत्रासाठी विकिरण सुरक्षा अधिकारी नियुक्त असताना स्वतंत्र प्रशिक्षणाची आवश्यकता काय, ते स्पष्ट करावे. स्पष्टीकरण म्हणून मी त्या आठवड्यातल्या एका ऑपरेशनच्या वेळी खोलीत हजर असलेल्यांची यादी जोडली आहे. नऊ माणसे, तीन बॅज. त्यातला एक खुंटीवर.